पाच भरले

आर्वी, ता. ६ जानेवारी १९५७

भैयाजी,

रामाजीचा जय भीम.

तुह्यं कार्ड शुक्रवारी भेटलं. सहा वर्षांनी एक कार्ड, त्यात चार ओळी, अन् चारीच्या चारी ओळी मोटारीच्या. दादा कसा आहे, वयनी कशी आहे, एक अक्षर नाई. जिवंत आहो आम्ही. तुह्या वयनीनं कार्ड माह्याकडून तीनदा वाचून घेतलं, पदर डोळ्याले लावला, अन् मंग मलेच बोलली, "आता तोंड फुगवून बसू नका. लहान्या भावानं इचारलं आहे, उत्तर लिहा." म्हणून लिहून राह्यलो. धुरपताच्या धाकानं लिहून राह्यलो असं समजजो.

तू लिहिलं की जबलपूरच्या तुह्या गॅरेजमालकानं कोपऱ्यात फेकलेला चाळीस सालचा फोर्ड तू घेतला, गावाबाहेरच्या लढाईच्या वेळच्या धावपट्टीवर मार्चात मोटारींची शर्यत आहे, अन् त्यासाठी इंजिनची ताकद कशी वाढवाची ते दादानं कळवावं. बरोबर माणसाले इचारलं! वर्धा जिल्ह्यात मोटारी दुरुस्त करणारे ढीगभर आहेत, पण इंजिनातून ताकद काढणारा मिस्त्री एकच आहे, अन् तो आर्वीच्या मोटर अड्ड्यासमोर बसते. लढाईत तीन वर्षं फौजेच्या वर्कशॉपात घासली मी. तिथं माह्या पान्यानं कसलेला नट दुसऱ्याले खोलता नाई आला कधी.

तुले दुरुस्ती येते. पाच वर्षं माह्या हाताखाली होता, येणारच. पण दुरुस्ती येगळी अन् ताकद काढणं येगळं. त्या कामात तू पहिलीतला आहे हे कबूल कर, अन् मंगच पुढचं वाच.

पहिली गोष्ट. काहीच वाढवू नको. नवशिक्या माणूस पहिल्याच दिवशी दोन कार्बोरेटर लावाले धावते. अबे, कंपनीनं जेवढी ताकद देली तेवढी तरी सतरा वर्षांनी त्या इंजिनात उरली आहे काय, ते पाह्य ना! आठही प्लग काढ. एकेका भोकावर अंगठा दाबून धर अन् दुसऱ्याले हँडल माराले लाव. अंगठा भडकन उडला तर सिलेंडर जिवंत. फुसकन हवा गेली तर वॉल्व्ह बसत नाईत, ते घासून बसव. मंग प्लगची फट, मंग टायमिंग. एवढं केलं तरी गाडी तुले नवी वाटन.

दुसरी गोष्ट तुले माहीत आहे, तरी लिहितो, राग आला तरी चालीन. उघडलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडात कापसाच्या रुईचा बोळा ठेवाचा. तिकडचे लोक चिंध्या कोंबत असतीन. आपल्या आर्वीत रुई रस्त्यावर उडते, म्हणून आपण बोळे वापरतो, अन् धूळ थांबवाले बोळ्यासारखं काही नाई. माह्या बोळ्याले लाल दोरा, तुह्या बोळ्याले निळा. काम झालं की सगळे बोळे मडगार्डावर रांगेनं मांडाचे. ज्याचा दोरा, त्यानं मोजाचे अन् जोरात ओरडाचं, "इतके भरले!" हे आयकल्याबिगर दुसऱ्यानं "मार हँडल" म्हणाचं नाई. जबलपुरातही हेच करजो. निळाच दोरा बांधजो.

आपल्या दुकानातल्या ग्रीसच्या जुन्या डब्यात चार बोळे पडून आहेत. धुरपता दर दिवाळीले इचारते, हे कायले ठेवले, फेका ना. मी फेकत नाई. जाऊ दे.

नोव्हेंबरपासून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. तू मध्यप्रदेशातच राह्यला. सरकारनंही आपल्या दोघांच्या मधात रेघ मारली म्हणाची. पत्ता लिहिताना ध्यानात ठेवजो.

रामाजी


आर्वी, ता. २० जानेवारी १९५७

भैयाजी,

जय भीम.

तू लिहिलं, "अंगठ्याचं मले माहीत होतं, दादा. ताकदीचं सांगा." अन् खालच्याच ओळीत लिहिलं की सहाव्या सिलेंडरनं अंगठा उडवलाच नाई, वॉल्व्ह जळालेला निघाला! माहीत होतं म्हणे. मी हे पत्र अड्ड्यावर चार जणांले मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक हसले. हसण्यात माह्या आवाज मोठा होता, ते कबूल करतो.

आता ताकदीचं. हेड काढ. इंजिनचं ते झाकण खालून घासलं की आतली जागा लहान होते, पेट्रोल अन् हवा जास्त दाबल्या जाते, अन् पिस्टनले धक्का जोराचा बसते. एवढीच विद्या आहे सगळी. बाकीच्या बाता आहेत. किती घासाचं? पाच पोस्टकार्डं एकावर एक ठेव. ती जाडी. सहाव्या कार्डाचा मोह होईन, तुह्या स्वभाव मले माहीत आहे. करू नको. आपल्याकडच्या पेट्रोलात तेवढा दम नाई. डब्यात खडे हलवल्यासारखं इंजिन वाजलं की समजजो, जास्त घासलं.

अन् बसवाच्या पहिले एक करजो. भिजवलेल्या कणकेच्या लहान गोळ्या कर, वॉल्व्हवर अन् पिस्टनवर ठेव, हेड हलकं कस, हातानं इंजिन दोन वेढे फिरव, मंग हेड काढून पाह्य. कणीक जिथं कागदासारखी दबली तिथं वॉल्व्ह हेडले धडकते. दोन पोस्टकार्डांएवढी जाड राह्यली पायजे. तिकडच्या मिस्त्र्यांले हे सांगू नको. ही माह्या डोक्यातली गोष्ट आहे. धुरपता म्हणते, तुमच्या डोक्यातली कशी, कणीक तर माही होती, अन् त्या दिवशी दोन पोळ्या कमी झाल्या. बाई काही इसरत नाई.

ही कणीक पहिल्यांदा कवा वापरली, याद आहे काय? पन्नास साली, किसनराव बसवाल्याच्या बसवर. दुसऱ्या बसा पाण्याच्या कॅनी घेऊन गिरडच्या वाटेनं धापा टाकत होत्या, अन् आपली बस दर्ग्याच्या यात्रेले गच्च माणसं भरून तिसऱ्या गिअरात चढली! तू टपावर बसून टाळ्या पिटत होता, "माह्या दादानं केली, माह्या दादानं केली" म्हणून. किसनराव खाली उतरले अन् सगळ्यांसमोर माह्या खांद्यावर हात ठेवला. त्या काळात आपल्या माणसाच्या खांद्यावर त्या लोकांचा हात येणं, भैयाजी, हे लहान काम नव्हतं. आजपर्यंत तो हात मले खांद्यावर जाणवते.

त्या बसचं पुढे काय झालं ते तुलेही माहीत आहे अन् मलेही. आज नको.

रामाजी


आर्वी, ता. १० फेब्रुवारी १९५७

भैयाजी,

जय भीम.

हेड पाच कार्डांवर थांबवलं हे वाचून बरं वाटलं. शाबास. ही शाबासकी फुकट नाई देली, हे ध्यानात घेजो.

पण गाडी तू स्वतः चालवणार हे तू पत्राच्या शेवटी, खुशाली लिहावी तसं लिहिलं. काऊन? तिकडे ड्रायव्हर मेले काय सगळे? मी समजून राह्यलो होतो की कोण्या शेठचा पोरगा चालवन, तू बाहेर उभा राहून टाळ्या पिटशीन. दोन दिवस माह्यं कामात मन नाई. एका जीपचा प्लग उलट्या आट्यात कसला. तीस वर्षांचा झालो तवापासून असं झालं नव्हतं.

बरं. चालव. तू आयकणार नाईच.

मंग ताकदीचा आणखी एक रस्ता सांगतो, ज्याले काहीच घासा लागत नाई. वजन काढ. मागचं सीट, दारं, मडगार्ड, टप, सगळं उतरव. दोन माणसांएवढं वजन उतरलं की इंजिनले तेवढी ताकद आपोआप भेटली. मडगार्ड काढलं तर बोळे मांडाले एक फळी ठेवजो, नाईतर सांगशीन जागाच नव्हती. सायलेन्सरची नळी मोठ्या भोकाची अन् सरळ घे. जळालेली हवा लवकर बाहेर गेली तर ताजी लवकर आत येईन. अन् या फोर्डाले गरम होण्याची खोड आहे. रेडिएटरची जाळी रोज साफ कर. इथं तर कापसाचा हंगाम चालू आहे, जिनातून रुई उडते, अन् चार दिवसांत जाळीवर गोधडी तयार होते. लोक म्हणतात, मिस्त्री, इंजिन कमजोर झालं. मी ब्रश मारतो, अन् इंजिन जवान होते. लोक मले जादूगार समजून राह्यले. समजू दे ना बापा, आपलं काय जाते!

आता राह्यला ब्रेक.

ज्या गाडीची ताकद वाढवली तिचा ब्रेक पहिले

इथं मी कालपासून थांबलो आहो. पुढचं लिहिता येऊन नाई राह्यलं.

येगळं सांगतो. परवा वासुदेवराव ड्रायव्हर दुकानात आलते. त्या बसमध्ये मोडलेला त्यांचा पाय जुळला, पण लहान जुळला. आता गाडी चालवत नाईत, किसनरावांच्या ऑफिसात तिकिटं फाडतात. टेकत टेकत आले, बाकड्यावर बसले, अन् म्हणाले, "भैयाजीचं पत्र येते म्हणे. त्याले लिहा रामाजी, वासुदेवरावाच्या मनात राग नाई. जवान पोरगा होता, चुकला. इसरून जा म्हणा." मी चहा सांगतला. त्यांनी पिला. माह्या कपातला चहा मी त्यांच्या पाठीमागं मोरीत ओतून देला.

ब्रेकचं पुढच्या पत्रात.

रामाजी


आर्वी, ता. २४ फेब्रुवारी १९५७

भैयाजी,

आज चोवीस फेब्रुवारी. सहा वर्षं झाली.

ब्रेकचं लिहितो म्हटलं होतं, तर आयक. मधात थांबू नको, फाडू नको, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी सकाळी बस आपल्याकडे होती. तू हेडचे नट पुन्हा कसून राह्यला होता. ब्रेकच्या नळ्या म्या खोलल्या होत्या. तुनं नाई, म्या. मास्टर सिलेंडरचा एक अन् चार चाकांचे चार, असे पाच बोळे म्याच कोंबले, लाल दोऱ्याचे. समोर दुसऱ्या मालकाची वर्ध्याची बस भरून निघाली होती, अन् किसनराव हॉर्न वाजवून राह्यले होते, "रामाजी, सवाऱ्या चालल्या! कधी होईन?" मले घाई किसनरावांची नव्हती, खरं सांगतो. मले पाहाचं होतं की माह्यं इंजिन त्या बसले वाटेतल्या आंजी गावाच्या पहिले गाठते की नाई. माह्यं इंजिन! तेवढंच डोक्यात होतं.

मडगार्डावर चार बोळे होते. मी चार पाह्यले. पाचवा खाली पडला असन, लोळत गेला असन, असं मनातल्या मनात म्हटलं. अन् ओरडलो, "पाच भरले!"

तू तिकडून न पाहता म्हटलं, "मार हँडल!" तू कायले पाहशीन? दादा ओरडला म्हणजे भरले.

नळीत राह्यलेल्या बोळ्यातून पहिले ब्रेकचं तेल झिरपत राह्यलं असन. अड्ड्यावर ब्रेक लागला, बाजारातही लागला. आंजीच्या उतारावर, माह्यं इंजिन जवा सगळ्यात जोरात पळत होतं, तवा तो फुगून घट्ट बसला. मागचे ब्रेक मेले. वासुदेवरावांनी बस काठाले घासत नाल्यात घातली म्हणून एकवीस माणसं वाचली. त्यांच्या पायाची तीन ठिकाणी हड्डी मोडली.

अन् दुसऱ्या दिवशी दुकानासमोर शंभर माणसं, पुढे किसनराव. "नळ्या कोणी बांधल्या?" मी तुह्याकडे बोट केलं. तोंडानं बोललो पण, "नळ्यांचं काम भैयाजीकडे होतं." तू माह्याकडे पाह्यलं. तिसऱ्या दिवशी तू गेला.

सहा वर्षं मी मनाले समजावत राह्यलो. नोकर चुकला तर नोकर बदलता येते, मालक चुकला तर दुकान बंद होते. अन् महाराच्या दुकानाले दुसरी संधी कोण देते? सगळे पाहूनच राह्यले होते की हे कवा पडतीन. अन् नाल्यातून बस ओढून आणली तवा मागची नळी म्या स्वतः खोलली. बोळा नव्हता त्यात! मंग तर मी मनाले आणखी पक्कं सांगतलं, पाह्य, नव्हताच बोळा, नळी दगडानं फुटली असन. पण ते चार बोळे मी फेकू नाई शकलो. चार आहेत, भैयाजी. पाच कधी नव्हते.

ऑक्टोबरात नागपूरले दीक्षेले गेलो. पांढऱ्या कपड्यांत लाखो माणसं, अन् मी प्रत्येक तोंडात तुह्यं तोंड शोधून राह्यलो होतो. पंचशील म्हणू लागलो. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाई. धुरपतानं म्हटलं, बाजूच्या म्हातारीनं म्हटलं. म्या नाई म्हटलं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मी चार शीलं घेऊन घरी आलो.

आज सकाळी वासुदेवरावांकडे गेलतो. त्यांच्या अंगणात, त्यांच्या घरच्या माणसांसमोर, उभं राहून सांगतलं. भैयाजी नव्हता, मी होतो. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मंग म्हणाले, "सहा वर्षं मी त्या पोराले माफ करत होतो, रामाजी. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा लागन." तिथून किसनरावांच्या ऑफिसात गेलो. तिथंही उभं राहून सांगतलं.

हे सगळं तुले शर्यतीच्या पहिले कळलं पायजे होतं. तू त्या गाडीत बसणार आहे. ज्या दादाच्या शब्दावर तू हँडल मारतं तो दादा कसा आहे, ते माहीत असू दे.

ज्या गाडीची ताकद वाढवली, तिचा ब्रेक पहिले पाहाचा. हे फौजेतल्या माह्या सार्जंटनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. तुले मी चौथ्या पत्रात सांगून राह्यलो.

रामाजी


आर्वी, ता. १७ मार्च १९५७

भैयाजी,

तीन आठवडे झाले, तुह्यं उत्तर नाई. नको देऊ. तुह्या हक्क आहे.

दुरुस्तीले येणाऱ्या त्यांच्या दोन्ही बसा किसनरावांनी आपल्याकडून नेल्या. नेऊ दे. अड्ड्यावर काही लोक मले पाहून कुजबुजतात. पण एक गोष्ट पाह्यली, आता मी त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहू शकतो. बैलगाडीच्या धुऱ्याचं काम आलं तरी करून राह्यलो, अन् मान वर ठेवून करून राह्यलो.

येत्या रविवारी तुही शर्यत. टायरात हवा थोडी जास्त ठेवजो. पहिल्या फेरीत इंजिनले मारू नको, गरम होऊ दे. वळणाच्या पहिले ब्रेक, वळणात नाई. दुसऱ्याची गाडी पुढे गेली म्हणून डोकं फिरवू नको. माह्यं फिरलं होतं.

अन् बोळे तू स्वतः मोज. कोणी ओरडलं म्हणून मानू नको. सख्खा भाऊ ओरडला तरी मानू नको.

धुरपता सकाळपासून जेवली नाई. म्हणते, रविवार झाला की जेवीन. आज रविवारच आहे म्हटलं, तर म्हणते, हा नाई, पुढचा. मी हात जोडले तवा दोन घास खाल्ले.

रामाजी


आर्वी, ता. ३१ मार्च १९५७

भैयाजी,

जय भीम! जय भीम! जय भीम!

काल पोस्टमन रजिस्टर पार्सल घेऊन आला. बिस्किटाचा जुना डबा, अन् दुकानात उघडला तर तेलाचा वास. वर तुही चिठ्ठी. "दादा, दुसरा नंबर आला. ब्रेक मात्र पहिल्या नंबरचे होते. बोळे पाठवतो. नऊ आहेत, मोजून घ्या."

दुसरा नंबर! शेठ लोकांच्या विलायती गाड्यांत, कोपऱ्यातून उचललेल्या फोर्डाचा दुसरा नंबर! मी चिठ्ठी घेऊन अड्ड्यावर पळालो, चप्पल एका पायात. ज्यांनी कुजबुज केली होती त्यांले पहिले वाचून दाखवली. "माह्या लहान भाऊ," म्हटलं, "माह्या!" किसनरावांच्या ऑफिसासमोर उभं राहून तर दोनदा वाचली. ते बाहेर आले नाईत, पण खिडकी उघडी होती. धुरपतानं गल्लीत गूळ वाटला, अन् ज्याले त्याले सांगत सुटली की कणीक तिची होती. तुह्याबद्दल गर्व आहे मले, भैयाजी. हे मी आजपर्यंत कधी तोंडानं बोललो नाई. आता लिहून ठेवतो म्हणजे मागं घेता येणार नाई.

परत येऊन बोळे काढले. तुही सवय पक्की आहे. निळा दोरा, एकेक मडगार्डावर मांडला. आठ झाले. मले वाटलं, याची गिनती अजून कच्ची आहे, चिठ्ठीत नऊ लिहिलं.

डब्याच्या तळाले एक कागद होता. आर्वी ते वर्ध्याचं किसनरावांच्या बसचं जुनं तिकीट, चार घड्या घातलेलं. उघडलं. आत एक बोळा. काळा, लिंबोळीसारखा कडक. त्याचा दोरा लाल.

गाठ माही होती. दुहेरी, फौजेत शिकलो तशी. दुसऱ्या कोणाची अशी गाठ नाई.

मी बाकड्यावर बसलो. धुरपता धावत आली, "काय झालं, काय झालं?" म्या बोळा तिच्या हातात देला.

बस नाल्यात पडली त्या दिवशी मी वासुदेवरावांले घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेलतो, अन् बसजवळ तुले ठेवलं होतं. तवाच तुनं नळी खोलली. तवाच तुले कळलं. दुसऱ्या दिवशी शंभर माणसांसमोर मी तुह्याकडे बोट केलं तवा हा बोळा तुह्या खिशात होता. हात खिशात घालाचा होता फक्त. लाल दोरा वर धराचा होता. तू माह्याकडे पाह्यलं, अन् खिशातला हात खिशातच ठेवला.

तू माह्यं दुकान वाचवलं. मी सहा वर्षं त्या दुकानात बसून जिल्ह्यात एक नंबरचा मिस्त्री म्हणून छाती फुगवत राह्यलो, अन् माह्या चुकीचा बोळा तू जबलपुरात सांभाळून ठेवला. मी तुले म्हटलं होतं, तू पहिलीतला आहे. भैयाजी, माह्या शाळेत मोठा तू आहे.

मंग मी उठलो. ग्रीसचा डबा आणला. त्यातले चार बोळे काढले, तुह्या आठांच्या बाजूले येगळ्या रांगेत मांडले. शेवटी हा ठेवला. वासुदेवराव ऑफिसातून येऊन दारात काठी टेकून उभे होते, पाहून राह्यले होते. मी एकेका बोळ्यावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. घाई केली नाई. अन् जोरात ओरडलो. अड्ड्यावरच्या माणसांनी माना वळवल्या एवढ्या जोरात ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं ओरडलो.

पुढचं "मार हँडल" कोणीच म्हटलं नाई. वासुदेवरावही नाई, धुरपताही नाई. ते म्हणणारा माणूस जबलपुरात आहे, हे सगळ्यांले माहीत होतं.

फोर्ड घेऊनच येजो. आंजीच्या उतारावर गाडी हळू आणजो. मी नाल्याजवळ उभा राहीन.

भैयाजी, पाच भरले.

तुह्या दादा,
रामाजी